घासल्यावर प्रभार येतो कुठून? घरच्या घरी टप्प्याटप्प्याने तपासून पाहा

कोरड्या केसांतून कंगवा फिरवायचा, कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा आणि कपटे उडी मारून चिकटले की प्रयोग संपला, असं बहुतेक शाळांत आणि घरांत होतं. तिथे थांबणं मला फार चुटपुट लावून जातं. कपटे उचलले गेल्याने एवढंच कळतं की कंगव्यावर प्रभार आहे. तो धन की ऋण, तो आला कुठून, कंगव्याला मिळाला तर केसांचं काय झालं आणि मुळात घासण्याची गरज आहे का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. ही उत्तरं घरातल्या आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या वस्तूंनी मिळवता येतात. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा, कारण प्रत्येक टप्प्यात पुढच्या टप्प्याचं साधन तयार होतं.

आधी थोडक्यात कल्पना

घासण्याने प्रभार नव्याने निर्माण होत नाही. प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण प्रभार आधीपासून अफाट प्रमाणात असतात आणि एकमेकांना पुरेपूर झाकतात. दोन वेगळ्या पदार्थांचे पृष्ठभाग चिकटले आणि मग विलग झाले, की काही इलेक्ट्रॉन एका बाजूचे दुसऱ्या बाजूला राहून जातात. ज्याने गमावले तो धनप्रभारित, ज्याला मिळाले तो ऋणप्रभारित. घासण्याचं काम इतकंच, की दोन खडबडीत पृष्ठभाग जास्तीत जास्त ठिकाणी एकमेकांना टेकवायचे. नुसतं एकावर एक ठेवलं तर प्रत्यक्षात फार थोडे बिंदू टेकतात.

हा प्रभार किती असतो याचा अंदाज घेऊ. एका नॅनोकुलोंबमध्ये (कुलोंब हे प्रभाराचं एकक, नॅनोकुलोंब हा त्याचा अब्जावा भाग) सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन येतात आणि लोकरीने घासलेल्या प्लॅस्टिकच्या नळीवर असे काही नॅनोकुलोंब सहज असतात. आकडा मोठा वाटतो, पण हवा ठिणगी न पडू देता जितका प्रभार पृष्ठभागावर राहू देते, त्या हिशेबाने पृष्ठभागावरच्या लाखभर अणूंमागे साधारण एकच जादा इलेक्ट्रॉन बसतो. या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. खेळ लाखात एका अणूचा असल्यामुळे बोटाचा घाम, तेलाचा पुसटसा थर किंवा हवेतल्या बाष्पाची पातळ साय एवढ्यानेही प्रयोग बिघडतो.

इलेक्ट्रॉनच इकडून तिकडे जातात हे धातूंच्या बाबतीत स्पष्ट आहे. प्लॅस्टिक, काच, लोकर यांसारख्या विद्युतरोधकांच्या, म्हणजे वीज वाहू न देणाऱ्या पदार्थांच्या बाबतीत मात्र इलेक्ट्रॉनांबरोबर आयन (प्रभार असलेले अणू किंवा रेणू) आणि पदार्थाचे अतिसूक्ष्म कणही बदली होतात, आणि कशाचा वाटा किती यावर भौतिकशास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ता थेलीस याच्या काळापासून, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जास्त काळ माहीत असलेल्या घटनेचं गणित आजही पूर्ण सुटलेलं नाही, हे मला या विषयातलं सर्वांत मोठं आकर्षण वाटतं.

काय काय लागेल

हार्डवेअरच्या दुकानातून वायरिंगचा पीव्हीसी पाइप घ्या, २० मिलिमीटर जाडीचा, आणि त्याचे ३० सेंटिमीटरचे तीन-चार तुकडे करून घ्या. प्लॅस्टिकची स्ट्रॉ यासाठी उत्तम असायची, पण १ जुलै २०२२ पासून देशात तिच्यावर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ इथे निरुपयोगी आहे. तिथूनच प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप आणि वायरिंगच्या जाड तांब्याच्या तारेचा वीतभर तुकडा घ्या.

घरातून जुना लोकरी मफलर किंवा स्वेटर, शुद्ध रेशमाचा तुकडा, सुती फडकं, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, पारदर्शक चिकटपट्टी, जॅमची काचेची बरणी, स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, स्टीलचा खोल डबा, शिवणाची सुई, खोडरबर आणि रेशमी दोरा. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यात आलेला थर्मोकोलचा सपाट तुकडा असेल तर जपून ठेवा, शेवटी लागेल.

लोकर खरोखर लोकर आहे याची खात्री करा. बाजारातले बरेच ‘लोकरी’ स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात आणि ते प्रभाराच्या यादीत (ती टप्पा ६ मध्ये येते) अगदी वेगळ्या जागी बसतात. एक धागा चिमट्यात धरून मोठ्या माणसाने जाळून पाहावा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

हवा आणि स्वच्छता: इथेच बहुतेक प्रयोग फसतात

सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की त्रास सुरू होतो. पृष्ठभागावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो, त्यात घामातले आणि धुळीतले क्षार विरघळतात आणि प्रभार त्या थरातून वाहून जातो. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात जुलै महिन्यात हे प्रयोग उघड्या खिडकीशी करू नका. तिथे एसी ‘ड्राय’वर लावून खोली बंद ठेवा आणि साहित्य तासभर आधी त्याच खोलीत ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात डिसेंबर ते मे या काळातली दुपार म्हणजे सोनं. हवा इतकी कोरडी असते की पहिल्याच घासण्यात नळी तडतडते. थंड देशांत राहणाऱ्यांना तर हिवाळ्यात हीटरने सुकलेल्या घरात दाराच्या मुठीला हात लावताच झटका बसतो. त्यांच्यासाठी तोच प्रयोगाचा मोसम.

इचलकरंजी-भिवंडीसारख्या ठिकाणी कापड विणणाऱ्यांना याची उलट बाजू ठाऊक असते. कोरड्या हवेत कृत्रिम धागे प्रभारित होऊन एकमेकांना ढकलतात, पिंजारतात, यंत्राला चिकटतात. म्हणून कापडाच्या कारखान्यांत हवेत मुद्दाम दमटपणा राखला जातो. आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवं आहे.

पाइपचे तुकडे साबणाने धुवा, भरपूर पाण्याने खळखळून घ्या आणि सावलीत पूर्ण वाळवा. मग जो भाग घासायचा आहे त्याला बोट लावू नका. काच सर्वांत हट्टी: तिच्यावर पाणी फार घट्ट धरून राहतं. काचेची वस्तू घासायच्या आधी उन्हात तापवा किंवा हेअर ड्रायरने कोमट करा. कापडंही उन्हात तापवून घ्या.

एखाद्या वस्तूवरचा जुना प्रभार काढायचा असेल तर ती पेटत्या मेणबत्तीच्या वरून, वीतभर उंची राखून, दोन-तीनदा फिरवा. ज्योतीतून वर येणाऱ्या गरम हवेत दोन्ही प्रकारचे आयन असतात आणि ते पृष्ठभागावरचा प्रभार झाकून टाकतात. हे काम लहान मुलांनी एकट्याने करायचं नाही आणि कापड किंवा पातळ पिशवी ज्योतीजवळ न्यायची नाही.

टप्पा १: फिरती सुई

इ.स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने चुंबकावरच्या आपल्या ग्रंथात एका साध्या उपकरणाचं वर्णन केलं. टोकावर तोललेली हलकी सुई, जी प्रभारित वस्तूकडे वळते. याच सुईने त्याने दाखवलं की हा गुण फक्त अंबरात (झाडाच्या चिकाचा दगडासारखा घट्ट झालेला खडा) नाही, काच, गंधक, लाख, कितीतरी रत्नं यांच्यातही आहे.

खोडरबरात शिवणाची सुई टोक वर करून खोचा. ८ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद कागदाची पट्टी लांबीने मधोमध दुमडा, म्हणजे ती कौलाच्या आकाराची होईल. दुमडीच्या मध्यावर टोक टेकवून पट्टी तोला. आता पीव्हीसी पाइप लोकरीने एकाच दिशेने दहा-बारा वेळा जोरात घासा आणि पट्टीच्या एका टोकाजवळ आणा. पट्टी पाइपकडे वळेल. पंखा बंद ठेवा. वाऱ्याने हलत असेल तर वर काचेचा कोरडा ग्लास पालथा घाला, ओढ ग्लासातूनही जाणवते.

घरातली प्रत्येक वस्तू या सुईने तपासा: घासायच्या आधी आणि घासल्यावर. स्टीलचा चमचा हातात धरून कितीही घासला तरी सुई हलणार नाही. चमच्यालाही प्रभार मिळतो, पण तो लगेच हातातून जमिनीत निघून जातो. चमच्याला पाइपची मूठ बांधा आणि पुन्हा पाहा.

या सुईची मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा. ती धन आणि ऋण दोन्हींकडे सारखीच वळते. प्रभारित वस्तू जवळ आली की पट्टीतले प्रभार किंचित सरकतात, विरुद्ध प्रभार जवळच्या टोकाला येतो आणि ओढ लागते. आकर्षण दिसलं म्हणजे दोन्ही वस्तू प्रभारित आहेत असं होत नाही. दोन्हींवर प्रभार असल्याची खरी कसोटी विकर्षण ही आहे.

टप्पा २: विकर्षण, दुधाच्या पिशवीने

दुधाची पिशवी आतून साबणाने धुऊन वाळवा, स्निग्धांश राहता कामा नये. तिची २० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. मधोमध दुमडून पेन्सिलीवर अडकवा, म्हणजे दोन टोकं खाली लोंबतील. कोरड्या लोकरीने दोन्ही टोकं वरून खाली ओढून घासा आणि सोडा. दोन्ही बाजू एकमेकींपासून फाकून उभ्या राहतील. दोघींवर एकाच पदार्थाने एकाच रीतीने प्रभार आला, म्हणून तो एकाच जातीचा आणि म्हणून ही ढकलाढकल. आता त्यांच्यामध्ये बोट घाला. दोन्ही बोटाकडे झेपावतील, कारण बोट अप्रभारित आहे.

मग पाइपचा एक तुकडा रेशमी दोऱ्याने मधोमध आडवा टांगा, त्याचं एक टोक लोकरीने घासा, दुसऱ्या तुकड्याचंही घासा आणि टोकाजवळ टोक आणा. टांगलेला पाइप स्पष्टपणे दूर फिरेल. दोरा रेशमीच का, याचं उत्तर इंग्लंडच्या स्टीफन ग्रेने १७२९ मध्ये मिळवलं. शेकडो फूट लांब दोरीतून त्याने प्रभार नेला, पण ती दोरी रेशमी धाग्यांनी टांगली तेव्हाच ते जमलं. धातूच्या तारांनी टांगल्यावर प्रभार वाटेतच नाहीसा झाला. वाहक आणि विद्युतरोधक हा भेद जगाला तिथे कळला.

टप्पा ३: न घासता प्रभार

हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ‘घर्षणाने वीज तयार होते’ हा पाठ केलेला समज तो मुळापासून हलवतो.

गुळगुळीत मेजावर चिकटपट्टीची एक लांब पट्टी चिकटवा, ती तशीच राहू द्या. तिच्यावर १५ सेंटिमीटरची दुसरी पट्टी चिकटवा, टोक दुमडून धरायला जागा ठेवा आणि त्यावर ‘खा’ लिहा. तिच्यावर तेवढीच तिसरी पट्टी, तिच्या टोकावर ‘व’. खालची आणि वरची. अशाच जोडीची आणखी एक प्रत शेजारी करा.

आता एक जोडी, ‘खा’ आणि ‘व’ एकत्र, मेजावरच्या पट्टीवरून सावकाश सोलून काढा. तिच्या गुळगुळीत बाजूवरून बोट हळूच फिरवा आणि जोडी हाताकडे ओढली जात नाही इथपर्यंत प्रभार काढून टाका. मग दोन्ही टोकं धरून पट्ट्या झटक्यात विलग करा. जवळ आणल्या की त्या एकमेकींकडे झेपावतील. दुसरी जोडीही तशीच करा आणि तुलना करा. ‘व’ आणि ‘व’ एकमेकींना ढकलतील, ‘खा’ आणि ‘खा’ ढकलतील, ‘व’ आणि ‘खा’ ओढतील.

इथे कुठेच घासलेलं नाही. फक्त चिकटणं आणि सुटणं झालं. शिवाय प्रभाराच्या जाती बरोबर दोन आहेत, हेही इथे सिद्ध झालं. फ्रान्समधल्या शार्ल द्यु फे याने १७३३ मध्ये काच आणि राळ घासून हाच निष्कर्ष काढला. पुढे बेंजामिन फ्रँकलिनने काचेकडच्या प्रभाराला धन आणि दुसऱ्याला ऋण म्हटलं आणि तीच रीत आजवर चालत आली. कोणती पट्टी ऋण हे पाहायला लोकरीने घासलेला पीव्हीसी पाइप आणा. पाइप ऋण असतो, म्हणून त्याच्यापासून दूर पळणारी पट्टी ऋण.

शेवटी एका जोडीच्या ‘खा’ आणि ‘व’ पुन्हा नीट एकावर एक चिकटवा आणि फिरत्या सुईजवळ न्या. ओढ जवळपास नाहीशी झालेली असेल. जेवढं एकीने गमावलं तेवढंच दुसरीला मिळालं होतं.

अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर चिकटपट्टीचा गुंडाळा वेगाने सोलून पाहा, सोलण्याच्या रेषेवर फिकट निळसर उजेड दिसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये हेच काम निर्वात कोठीत केलं, तेव्हा क्ष-किरण बाहेर पडले, आणि त्यांनी बोटाची क्ष-किरण प्रतिमा घेता आली. आपल्या हवेत असे क्ष-किरण तयार होत नाहीत, निश्चिंतपणे करा.

टप्पा ४: विद्युतदर्शी

आता चिन्ह ओळखणारं साधन हवं. अब्राहम बेनेट या इंग्रज धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोन्याच्या वर्खाची दोन पानं वापरून सुवर्णपत्र विद्युतदर्शी बनवला. आपल्याला फॉइल पुरते. हात हलका असेल तर मिठाईवर लावायचा वर्ख वापरून पाहा, तो कितीतरी पातळ आणि म्हणून जास्त संवेदनशील. पण श्वासानेही फाटतो, पहिला विद्युतदर्शी फॉइलचाच करा.

बरणीच्या झाकणाला छिद्र पाडा. झाकण धातूचं असेल तर त्याऐवजी जाड प्लॅस्टिकचं वर्तुळ कापून बसवा. तारेवरचं आवरण पूर्ण सोलून काढा आणि जिथे तार झाकणातून जाईल तिथे टेफ्लॉन टेपचे वीस-पंचवीस घट्ट वेढे द्या. टेफ्लॉन पाणी धरत नाही, त्यामुळे या एका गोष्टीने साधन दमट हवेतही तग धरतं. तारेचं खालचं टोक आकड्यासारखं वाकवा. फॉइलच्या ४ सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद दोन पट्ट्या बाटलीवर घासून सपाट करा, वरच्या टोकाला छिद्र पाडून आकड्यात सैल अडकवा. वरच्या टोकाला फॉइलचा घट्ट, गुळगुळीत गोळा बसवा. टोकं-कोपरे राहिले तर तिथून प्रभार हवेत गळतो. बरणी आतून हेअर ड्रायरने सुकवून लगेच बंद करा.

घासलेला पाइप गोळ्यावर फिरवून टेकवा, पानं फाकतील. ती किती वेळ फाकलेली राहतात ते पाहा. कोरड्या दिवशी काही मिनिटं राहायला हवीत. काही सेकंदांत मिटली तर रोधन ओलं आहे किंवा हवा दमट आहे. त्या दिवशी पुढचे टप्पे करू नका.

चिन्ह ओळखण्यासाठी विद्युतदर्शीवर माहीत असलेला प्रभार ठेवायचा, आणि तो प्रवर्तनाने, म्हणजे प्रभारित वस्तू न टेकवता नुसती जवळ आणून, ठेवणं सर्वांत चांगलं. घासलेला ऋण पाइप गोळ्याजवळ आणा, टेकवू नका. पानं फाकतील. पाइप तसाच धरून गोळ्याला बोट लावा. पानं मिटतील. आता आधी बोट काढा आणि मगच पाइप दूर न्या. पानं पुन्हा फाकतील आणि या वेळी विद्युतदर्शीवर धनप्रभार असेल. हा क्रम उलटा झाला तर काहीच उरत नाही.

अज्ञात वस्तू दुरून सावकाश गोळ्याकडे आणा आणि पानांची पहिली हालचाल पाहा. आणखी फाकली तर वस्तूवर धनप्रभार. मिटायला लागली तर ऋण असू शकते, पण नुसता हात जवळ आणला तरी पानं थोडी मिटतात. म्हणून मिटण्यावर विसंबू नका. विद्युतदर्शीवर ऋणप्रभार ठेवून पुन्हा तपासा, तिथे पानं फाकली की ऋण पक्कं. फार जोरदार ऋण वस्तू धन विद्युतदर्शीच्या अगदी जवळ नेली तर पानं मिटून परत फाकतात आणि भलताच निष्कर्ष निघतो. म्हणून दुरून आणि सावकाश.

टप्पा ५: स्टीलच्या डब्यात हिशेब

मायकेल फॅरडेने १८४३ मध्ये बर्फ ठेवायची धातूची बादली घेऊन हे केलं. आपला स्टीलचा डबा थर्मोकोलवर ठेवा. तो रुंदीच्या दुप्पट खोल असेल तर उत्तम. डब्यापासून विद्युतदर्शीच्या गोळ्यापर्यंत उघडी तार जोडा. तार कशालाही टेकू देऊ नका.

एक पाइप तसाच. दुसऱ्या पाइपच्या टोकाला लोकरीचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा. दोन्ही अप्रभारित आहेत हे सुईने तपासून घ्या. दोन्ही तुकडे मुठीकडच्या टोकाला धरा, हात पाइपवर सरकू देऊ नका, नाहीतर हातच प्रभार देईल. दोन्ही टोकं डब्यात खोल घालून, डब्याला न टेकवता, एकमेकांवर जोरात घासा.

पानं हलणार नाहीत. आत दोन वस्तूंवर भरपूर प्रभार आहे, तरी बाहेर बेरीज शून्य. आता लोकर बांधलेला पाइप बाहेर काढा, पानं फाकतील. परत आत घाला, मिटतील. नुसता पाइप बाहेर काढा, पानं तेवढीच फाकतील. दोन्ही वेळची चिन्हं टप्पा ४ प्रमाणे तपासा, ती विरुद्ध निघतील. केसांचं काय झालं, हा सुरुवातीचा प्रश्न इथे सुटतो. कंगव्याला जितका ऋणप्रभार मिळाला, नेमका तितकाच धनप्रभार केसांवर राहिला, आणि म्हणूनच केस एकमेकांपासून दूर उभे राहतात.

टप्पा ६: तुमची स्वतःची क्रमवारी

कोणाबरोबर घासल्यावर कोण धन होतं याची पहिली क्रमवारी योहान विल्के याने १७५७ मध्ये छापली. आजच्या घरातल्या वस्तूंची साधारण क्रमवारी धनाकडून ऋणाकडे अशी लागते: काच, माणसाचे केस, नायलॉन, लोकर, रेशीम, कागद, सुती कापड, रबर, पॉलिएस्टर, थर्मोकोल, पॉलिथिन, पीव्हीसी, टेफ्लॉन. यादीतल्या कोणत्याही दोन वस्तू घासल्या की आधीची धन आणि नंतरची ऋण. जितकं अंतर जास्त तितका प्रभार जोरदार, असा ठोकताळा. कागद आणि सुती कापड मधोमध असतात आणि बाष्प धरतात, म्हणून त्यांच्याने फारसं काही होत नाही.

ही यादी पाठ करू नका, स्वतः बनवा. वहीत दर नोंदीला दोन पदार्थ, कोणाला कोणतं चिन्ह, तारीख आणि हवामानाच्या अ‍ॅपवरची आर्द्रता लिहा. शेजारच्या पदार्थांची अदलाबदल झालेली दिसेल. रेशीम आणि लोकर, पॉलिथिन आणि पीव्हीसी असे जोड कधी इकडे तर कधी तिकडे जातात. कारण निर्मात्याने घातलेला रंग, मऊपणासाठीची रसायनं, कपडे धुतल्यावर उरलेला साबण हे सगळं त्या लाखात एका अणूच्या हिशेबात शिरतं. २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं, की घासलेला पृष्ठभाग सबंध धन किंवा सबंध ऋण नसतो. त्यावर दोन्ही चिन्हांचे अतिसूक्ष्म ठिपके विखुरलेले असतात आणि आपण मोजतो ती त्यांची वजाबाकी.

एकाच पदार्थाचे दोन तुकडेही घासून पाहा, उदाहरणार्थ दोन सारखे फुगे. नियमाप्रमाणे काही व्हायला नको, तरी बरेचदा होतं. नोंद जरूर ठेवा.

पुढे जाण्याआधी खबरदारी

पुढच्या टप्प्यात ठिणगी येते. पेट्रोलची वाफ पेटायला सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते आणि आपली ठिणगीही साधारण तेवढ्याच ऊर्जेची असते. म्हणून जवळ पेट्रोल, थिनर, स्पिरिट, सॅनिटायझर, गॅसची शेगडी यांपैकी काही नको. पंपावर कॅनमध्ये इंधन भरताना कॅन जमिनीवर ठेवायला सांगतात तेही याचसाठी. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी ठिणगीपासून लांब राहावं. उघडे संगणकाचे भाग त्या मेजावर नकोत, त्यांना शंभर व्होल्टच्या आतलाही झटका निकामी करू शकतो. मोठ्या बरणीला आतून-बाहेरून फॉइल लावून प्रभार साठवायची कृती इंटरनेटवर सापडेल. ती करू नका, एक लिटरच्या बरणीतला झटका फार वेदना देतो. आणि आभाळ गडगडत असताना तारा बाहेर काढून काहीही मोजायचं नाही. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग इथे गेऑर्ग रिखमान हा जाणता वैज्ञानिक तसं मोजताना विजेने जागीच मेला.

टप्पा ७: एकदा घासा, पुन्हा पुन्हा ठिणगी घ्या

आलेस्सांद्रो व्होल्टाने १७७५ मध्ये लोकप्रिय केलेलं हे साधन. थर्मोकोलचा सपाट तुकडा मेजावर ठेवून लोकरीने मिनिटभर घासा. गोल काठाची हलकी स्टीलची ताटली घ्या, तिच्या मध्यावर पाइपचा तुकडा मूठ म्हणून घट्ट चिकटवा. मूठ धरून ताटली थर्मोकोलवर ठेवा. ताटलीला क्षणभर बोट लावा. बोट काढा. मूठ धरून ताटली उचला आणि दुसऱ्या हाताचं बोटाचं पेर तिच्या काठाजवळ न्या. चट्‌ आवाज करून छोटी ठिणगी पडेल.

पुन्हा ठेवा, बोट लावा, उचला: पुन्हा ठिणगी. थर्मोकोल पुन्हा घासायची गरज नाही, कारण त्याचा प्रभार खर्चच होत नाही. थर्मोकोल खडबडीत असल्यामुळे ताटलीला मोजक्या बिंदूंतच टेकतो. तो जवळ आहे म्हणून ताटलीतले ऋणप्रभार वर ढकलले जातात, बोटातून जमिनीत जातात आणि ताटली धन उरते. ठिणगीची ऊर्जा येते ती तुमच्या हातातून, धन ताटली ऋण थर्मोकोलपासून ओढून वेगळी करताना लागलेल्या श्रमातून.

आकडे पाहायचे तर, हवेत सपाट पृष्ठांमध्ये दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट असले की ठिणगी पडते. म्हणजे तीन-चार मिलिमीटरची ठिणगी सुमारे १०,००० व्होल्टची. वीस सेंटिमीटर व्यासाच्या ताटलीत त्या वेळी जेमतेम एक तृतीयांश मिलिज्यूल ऊर्जा असते, म्हणून झटका टोचतो पण इजा करत नाही.

ताटलीचं चिन्ह विद्युतदर्शीशिवायही कळतं. जुन्या लाइन टेस्टरमधला छोटा निऑन दिवा काढून घ्या. टेस्टर कशालाही जोडलेला नसताना, आणि नंतर तो टेस्टर वापरायचा नाही. दिव्याची एक तार बोटांत धरा, दुसरी ताटलीच्या काठाला लावा. अंधारात दिवा क्षणभर नारिंगी चमकेल, पण त्यातल्या दोनपैकी एकाच तारेभोवती. निऑन नेहमी ऋण बाजूच्या तारेभोवती उजळतो. चमक बोटाकडच्या तारेभोवती आली तर ताटली धन आहे. आता थर्मोकोलऐवजी काचेचा तापवलेला तुकडा रेशमाने घासून त्यावर ताटली ठेवा आणि चमक दुसऱ्या तारेवर जाते का ते पाहा.